वेट, वेटेड, वेटिंग

ह्यांची वाचा गेली ती एका रविवारी सकाळी, मी पोहे करत असताना. लेक शाळेच्या कॅम्पला गेली होती, दुपारी परत यायची होती. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "लिंबू पिळू का वरून?" उत्तर आलं नाही. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. फोनमध्ये डोकं घातलं की ह्यांना तीनदा हाक मारावी लागायची. मी गॅस बारीक केला, झाकण ठेवलं, कोथिंबीर चिरली. बशा घेऊन बाहेर आले तर हे सोफ्यावर एका कुशीला कलंडले होते. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. शुद्धीवर होते, माझ्याकडे बघत होते, काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत होते, आणि तोंडातून नुसता वारा येत होता.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. गणवेशातल्या तरुण बाईने ह्यांचे हात उचलून बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "मॅडम, व्हेन वॉज ही लास्ट नॉर्मल?"

"एट ओ'क्लॉक ही टॉक," मी म्हणाले.

"ही टॉक्ड ॲट एट? ऑर ही स्टॉप्ड टॉकिंग ॲट एट?"

मला 'टॉक' कळलं, 'एट' कळलं, 'स्टॉप' कळलं. त्यांना जोडणारं जे काय होतं ते कळलं नाही. आठ वाजता बोलले, की आठपासून बोलणं बंद झालं, एवढाच प्रश्न होता. मी घाबरून म्हणाले, "येस."

"येस व्हॉट, मॅडम?"

"ही टॉक. देन ही नॉट टॉक."

मराठीत मला ते दहा प्रकारांनी सांगता आलं असतं. आठला बोलले, आठपर्यंत बोलत होते, आठनंतरही कुणाशी बोलले असतील, मी ऐकलं नाही. इंग्रजीत माझ्याकडे एकच काळ होता आणि तो कुठल्याच वेळेचा नव्हता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनीही तेच विचारलं, तीनदा विचारलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्यांना वेळ हवी होती. शेवटी त्यांनी कागदावर घड्याळ काढलं आणि मी त्यावर बोट ठेवलं. औषध वेळेत मिळालं, असं ते नंतर म्हणाले. लेकीने मला ते दोनदा मराठीत सांगितलं. तरी ती पाच-सात मिनिटं, 'येस व्हॉट, मॅडम'ची, माझ्या छातीवर बसली ती बसलीच.

मी साताऱ्याची, मराठी शाळेतली. पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाईंनी फळ्यावर तीन काळ लिहून दिले होते आणि आम्ही ते पाढ्यांसारखे म्हणायचो: आय वॉक, आय वॉकेड, आय शाल वॉक. 'वॉकेड' असंच म्हणायचो, सगळा वर्ग, एका सुरात. लग्न होऊन पुण्याला आले, तिथून ह्यांच्या नोकरीमुळे सिंगापूरला. नऊ वर्षं झाली होती तिथे. बाजारात, बसमध्ये, शाळेच्या मीटिंगला माझं मोडकंतोडकं चालून जायचं. हे मात्र चुका पकडायचे. 'यस्टरडे आय गो' म्हटलं की हसायचे. "अगं, गो नाही, वेंट."

"तुम्हाला कळलं ना? मग झालं," मी म्हणायचे.

ह्यांचं इंग्रजी चांगलं होतं. सॉफ्टवेअरच्या मोठ्या कामाचे मॅनेजर, दिवसभर फोनवर. भिंतीआडून मला त्यांचा आवाज यायचा, आणि त्यात एक शब्द सारखा यायचा: "वेट, वेट. वेट, लेट मी चेक."

मेंदूत सगळं पुसलं गेलं तरी तो शब्द राहिला. नवव्या दिवशी नर्स गोळ्या द्यायला आली आणि हे स्पष्ट म्हणाले, "वेट." मी ओरडलेच आनंदाने. संध्याकाळपर्यंत कळलं की पाणी हवं असलं तरी 'वेट', दुखत असलं तरी 'वेट', लेक आली तरी तिचा हात धरून 'वेट, वेट'. मला हाक मारायची तरी तेच. 'अगं' नाही, माझं नाव नाही. डोळ्यांत मी ओळखीची होते आणि तोंडात 'वेट' होतं.

स्पीच थेरपिस्ट तिशीचीही नव्हती. तिथलीच चिनी मुलगी, केस क्लिपमध्ये वर बांधलेले, हळू बोलायची. तिने मला आणि लेकीला बसवून समजावलं. कळणं बरंचसं शाबूत आहे, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. आणि वाक्यातले छोटे तुकडे, क्रियापदाची शेपटं, ती सगळ्यांत उशिरा येतात. काहींना येतच नाहीत. घरी कुठली भाषा, ऑफिसात कुठली, हे तिने विचारलं. घरी तुम्ही मराठी बोला, मला ती येत नाही, मी इंग्रजी घेईन, असं ठरलं.

"त्यांच्याकडे जो शब्द आहे तिथूनच सुरू करू," ती म्हणाली, आणि एक कागद दिला. त्यावर बसस्टॉपवर उभ्या माणसाची तीन चित्रं होती. काल तो बससाठी थांबला, आत्ता थांबलाय, उद्या थांबेल. ही वेटेड. ही इज वेटिंग. ही विल वेट.

मला तो कागद बघून रडू आलं, कारण त्यातलं मलाच येत नव्हतं.

आमचं तिघांचं तिथलं राहणं ह्यांच्या नोकरीला बांधलेलं होतं. एम्प्लॉयमेंट पास ह्यांचा. माझा आणि लेकीचा पास त्याला लटकलेला. ह्यांचे साहेब भेटायला आले होते, पन्नाशीचे, तिथलेच, सभ्य माणूस. येताना संत्री आणली. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले की रजा आहे तोवर काळजी नको, त्यानंतर आपण बघू. मग दोन महिन्यांनी फोन आला. क्लायंटबरोबर आठवड्याची मीटिंग असते, ती ह्यांनी एकदा घ्यावी. घरून, व्हिडिओवर. फार काही नाही, तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय चालू आहे, पुढे काय होणार. तेवढं जमलं तर हळूहळू बाकीचं देता येईल. नाही जमलं तर मात्र... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी फोन ठेवला आणि लेकीला सांगितलं. ती तेरा वर्षांची, चार वर्षांची असल्यापासून तिथे वाढलेली. ती म्हणाली, "आई, दॅट्स जस्ट पास्ट, प्रेझेंट, फ्युचर. दॅट्स ऑल."

तेवढंच होतं. आणि हातात पाच आठवडे होते.

जेवणाच्या टेबलावर आमची शाळा सुरू झाली. सकाळी व्यायाम, मग हॉस्पिटल नसेल त्या दिवशी दहा ते बारा इंग्रजी, दुपारी पुन्हा तासभर. आधी मला शिकावं लागलं. लेक शाळेतून आली की माझा तास घ्यायची. तिने मला सांगितलं की 'वॉकेड' असं काही नसतंच. ते 'वॉक्ट' असतं, शेवटी नुसता ट. 'कॉल्ड'ला ड. आणि 'वेटेड'ला मात्र पूर्ण इड, कारण वेटमध्ये आधीच ट आहे. इतकी वर्षं मी एक खोटा उच्चार घेऊन फिरत होते. मी आरशासमोर उभी राहून म्हणायचे, वॉक्ट, कुक्ट, वॉश्ट. जीभ शेवटच्या अक्षरावर अडखळायची. मग तेच मी ह्यांच्यापुढे बसून म्हणायचे, ओठ दाखवून, आणि हे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

कामाला लागणारं क्रियापद होतं 'टेस्ट'. लास्ट वीक वी टेस्टेड. धिस वीक वी आर टेस्टिंग. नेक्स्ट वीक वी विल टेस्ट. लेकीने एकेक कार्ड केलं, वेगवेगळ्या रंगात. 'टेस्ट' लवकर आलं. 'टेस्टिंग'ही आलं, तिसऱ्या आठवड्यात, आणि त्या दिवशी मी शिरा केला. पण 'टेस्टेड' येईना. हे 'टेस्ट' म्हणायचे आणि थांबायचे. पुढे काहीतरी आहे हे त्यांना कळायचं. डावा हात हवेत पुढे जायचा, बोटं उघडायची, काहीतरी पकडायचं असल्यासारखी, आणि मग हात खाली यायचा. "टेस्ट... टेस्ट... वेट."

मराठीतही तेच. पाणी पिऊन झालं की 'पाणी पी'. सगळं आज्ञेत. जणू दिवसभर मला हुकूम सोडत होते. एकदाच वेगळं झालं. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांमध्ये धरून त्यांना चालवत होते. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "चाललो."

घामाने भिजलेला माणूस, चेहरा पांढराफटक, आणि म्हणतोय चाललो. "कुठे चाललात? असं काय बोलता?" मी ओरडले. ह्यांनी मान जोरजोरात हलवली, दांड्यांकडे बोट केलं, इकडून तिकडे. मग मला कळलं. ते भूतकाळात बोलले होते. चालून दाखवलं होतं, ते सांगत होते. आणि मी तो आनंद त्यांना धड घेऊही दिला नव्हता. नंतर कितीदा म्हणायला लावलं, ते पुन्हा आलं नाही.

दिवस संपत चालले होते आणि माझा संयमही. एका सकाळी सलग चाळीस वेळा 'टेस्टेड'चं कार्ड धरलं. चाळीस हा अंदाज नाही, मी मोजत होते. चाळिसाव्यांदा हे म्हणाले, "टेस्ट."

"अहो, इड! इड! एवढंसं अक्षर आहे! बालवाडीतली पोरं म्हणतात!" मी टेबलावर हात आपटला. "तुम्हाला कळतंय का, आपल्याला इथून घालवतील! पोरीची शाळा जाईल! म्हणा!"

ह्यांनी कार्डांचा गठ्ठा डाव्या हाताने ढकलून दिला. सगळी कार्डं फरशीवर पसरली. आणि हे रडायला लागले, आवाज न करता, अर्धा चेहरा रडत होता आणि अर्धा तसाच. मी त्यांना पाणी दिलं, पुसलं, टीव्ही लावून दिला आणि दार ओढून खाली गेले.

आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर, शेवटाला, एक कॉफी शॉप होतं. मी तिथल्या एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तोंडावर ओढणी धरली. चहाच्या स्टॉलवरची आंटी टेबल पुसत आली. सत्तरीची असेल, चिनी, पायात रबरी बूट. इतकी वर्षं मी तिच्याकडून चहा घेत होते, त्यापलीकडे बोलणं नाही.

"अंकल सिक, इज इट?" तिने विचारलं. ब्लॉकमध्ये ॲम्ब्युलन्स आलेली सगळ्यांना माहीत असते.

मी मान हलवली.

"यू ईट ऑलरेडी?"

मी नाही म्हणाले. तिने पाव आणि चहा आणून ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन खाली आले. अपराधीच वाटत होतं, म्हणून. काठी टेकत, थांबत थांबत आलो. आंटी लांबूनच ओरडली, "अंकल! लाँग टाइम! ईट ऑलरेडी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "ईट... ऑलरेडी."

आंटीला त्यात काही विशेष वाटलं नाही. "गुड, गुड," म्हणत ती कप धुवायला वळली. मी मात्र खुर्चीची पाठ धरून उभी होते. खाल्लं. झालं खाऊन. ह्यांनी मला भूतकाळातली गोष्ट सांगितली होती, विचारल्यावर, बरोबर. क्रियापदाला हात न लावता. मागे 'ऑलरेडी' ठेवलं की काम झालं.

घरी आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "बाथ?" हे म्हणाले, "बाथ ऑलरेडी." गोळ्या? "टेक ऑलरेडी." लेक शाळेतून आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं. ती दप्तर टाकून बाबांपुढे बसली. "बाबा, टेस्ट?" "टेस्ट ऑलरेडी." "ऑलरेडी, लाह!" ती तिथल्या पोरांसारखी किंचाळली, आणि हे हसले. रविवारच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा. त्या हसण्याला कारण होतं. ती लहान असताना 'आय फिनिश ऑलरेडी' म्हणायची तर हेच तिला दटावायचे, "ऑलरेडी काय? आय हॅव फिनिश्ड म्हण. बाजारातलं इंग्रजी घरात नको."

मी थेरपिस्टला विचारलं, हे चुकीचं आहे ना? ती हसली. "मॅडम, माझी आजी असंच बोलते. घरी मीही असंच बोलते. त्यांना जे सांगायचंय ते पोचतंय ना?"

"पण ऑफिसात?"

तिने टेबलावरचे कागद गोळा केले. मग म्हणाली, "ते ऑफिसने ठरवायचं. तुम्ही नाही."

मी तिचं ऐकलं नाही. आज मागे बघताना माझी चूक मला इथे दिसते, अगदी बोट ठेवून दाखवता येते. मीटिंगला बारा दिवस उरले होते. क्लायंट परदेशातला होता. पडद्यावर टाय लावलेली माणसं बसणार, आणि हे म्हणणार टेस्ट ऑलरेडी? मला लाज वाटली. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण भीतीने लाजेचे कपडे घातले होते. मी घरात 'ऑलरेडी' बंद केलं. हे म्हणाले की मी मान हलवायचे, कार्ड धरायचे, "टेस्टेड. इड." लेकीलाही सांगितलं, बाबांशी नीट इंग्रजी बोल. ती म्हणाली, "बट ही वॉज टॉकिंग, आई." मी म्हणाले, "मला नको शिकवू."

बारा दिवसांत 'टेस्टेड' दोनदा आलं. एकदा सकाळी, एकदा आंघोळीनंतर. मी त्याच्यावर भिस्त ठेवली.

मीटिंगच्या दिवशी ह्यांना निळा शर्ट घातला. उजवा हात टेबलाखाली ठेवला, दिसायला नको म्हणून. मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले, हातात कार्डं घेऊन. लेकीने त्या दिवशी शाळा बुडवली होती. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पडद्यावर सहा-सात चौकोन उघडले. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं की हे आजारातून उठताहेत, जरा वेळ देऊया. सगळे छान हसले. "प्लीज, टेक युवर टाइम," कुणीतरी म्हणालं.

हे म्हणाले, "गुड मॉर्निंग." स्वच्छ. मग, "लास्ट वीक." मी टेस्टेडचं कार्ड वर केलं.

"लास्ट वीक... वी टेस्ट..."

हात हवेत गेला. बोटं उघडली. मी कार्डावरच्या शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवून दाबत होते, जणू दाबल्याने ती निघून त्यांच्या तोंडात जातील. हे कार्डाकडे बघत होते. मग कार्डावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऑल..."

मी मान हलवली. नाही.

ते थांबले. पडद्यावरचे सगळे चौकोन स्तब्ध. कुणाच्या तरी बाजूला कुत्रं भुंकत होतं. हे पुन्हा म्हणाले, "टेस्ट..." आणि मग, "वेट." आणि मग, "वेट, वेट. वेट." कपाळावरून घाम खाली आला. साहेबांनी फार हळुवारपणे मीटिंग आपल्याकडे घेतली. थँक यू म्हणाले. बाकीच्यांनीही म्हटलं. मी लॅपटॉप मिटला.

लेक दारातून तीरासारखी आली. इतक्या मोठ्याने, आणि असल्या बाजारातल्या इंग्रजीत, ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. "व्हाय यू स्टॉप हिम? ही वॉज सेइंग इट! एव्हरीवन विल अंडरस्टँड वन! तू का थांबवलंस त्याला?"

हे शर्टाची बटणं डाव्या हाताने सोडवत बसले होते. मी मदतीला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

पुढचे तीन दिवस मी साहेबांच्या फोनची वाट बघत होते. कुकरची शिट्टी झाली तरी फोन वाजल्यासारखं व्हायचं. देवापुढे दिवा लावताना काय मागावं ते कळेना; नोकरी मागावी, की ती बारा दिवसांची चूक परत घ्यावी म्हणून मागावं. थेरपिस्टला मी मीटिंगचं सगळं सांगितलं, माझं मान हलवणंसुद्धा. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला, पण ते जे म्हणाले ते मला कळेना. "आय रिसीव्ह्ड हिज मेसेज," ते म्हणत होते. "आय वॉज व्हेरी टच्ड." कुठला मेसेज? मी लेकीला फोन दिला. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून तिने बाबांचा मोबाइल उघडला आणि मला दाखवला.

आदल्या दिवशी दुपारी, मी कपडे वाळत घालत होते तेव्हा, ह्यांनी डाव्या हाताने साहेबांना लिहिलं होतं. इंग्रजीत, तीन ओळी. मी नऊ वर्षं काम केलं. आता जमत नाही. धन्यवाद. 'नाइन इयर' असं लिहिलं होतं, शेवटचा एस नव्हता. 'नाऊ कॅनॉट' एवढंच, त्याला कर्ता नव्हता. पण पहिल्या ओळीत 'वर्क्ड' होतं. वर्क, आणि पुढे ई, आणि डी. फोनने सुचवलं असेल, किंवा थेरपिस्टच्या कागदावर बघून लिहिलं असेल, की आतूनच आलं असेल, मला माहीत नाही. ज्या दोन अक्षरांसाठी मी पाच आठवडे ह्या माणसाला रडवलं होतं, ती दोन अक्षरं बरोबर जागी होती, आणि ती त्यांनी नोकरी सोडायला वापरली होती.

मी सोफ्याशी गेले. आधी राग आला, तो राग मला अजून आठवतो. "मला विचारलं का नाही?" मी म्हणाले. "एवढा मोठा निर्णय! एकदा विचारायचं तरी!"

ह्यांनी बराच वेळ घेतला. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"तू... नाही... म्हणालीस."

विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, असं त्यांना म्हणायचं होतं, की त्या दिवशी मीटिंगमध्ये तू नाही म्हणालीस, असं? मी विचारलं नाही. दोन्ही खरं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि जरा वेळाने त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला. लेक समोर उभी होती. ती म्हणाली, "सो, वी आर गोइंग?" आणि मग स्वतःच आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पास रद्द झाला की आवराआवरीसाठी महिन्याभराची मुदत मिळते. मी फॉर्म भरले, शाळेचा दाखला काढला, घरमालकाशी बोलले, सामान कुणाकुणाला दिलं. हे सगळं इंग्रजीत मी एकटीने केलं. काउंटरवर विचारलं, तुम्ही कधी अर्ज केला, तर मी म्हणाले, "आय अप्लाइड ऑन मंडे." बरोबर आलं. त्याचा आनंद वाटावा असं माझ्यात काही शिल्लक नव्हतं.

लेक शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी एलआरटीच्या छोट्या ट्रेनने तिला आणायला गेले, तर मैत्रिणींच्या गराड्यात रडत होती. मला बघून तिने डोळे पुसले आणि मुकाट्याने दप्तर माझ्याकडे दिलं. थेरपिस्टने पुण्याच्या डॉक्टरांसाठी पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की पेशंटमध्ये सुधारणा झाली आहे, अजून होत राहील. मी ते वाचलं आणि तिला विचारलं, "शुअर?" ती म्हणाली, "मॅडम, आय होप."

आता पुण्यात येऊन दीड वर्ष झालं. इथे मराठीतून शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. हे छोटी वाक्यं बोलतात. 'गेलो', 'आलो', 'जेवलो' येतं. कधी माझ्याबद्दल बोलताना 'ती गेला' म्हणतात, मग स्वतःच कपाळाला हात लावतात. डाव्या हाताने टाइप करून एका मित्राच्या कंपनीचं थोडं काम करतात, प्रोग्राममधल्या चुका शोधायचं. त्याला बोलावं लागत नाही. लेक इथल्या शाळेत बोलली की मुली हसतात. ती घरी येऊन ते सांगते आणि हे ऐकून घेतात, शेवटपर्यंत.

भविष्यकाळ मात्र अजून आला नाही. बाई म्हणतात, तो सगळ्यांत अवघड. 'उद्या' म्हणतात आणि क्रियापद तसंच ठेवतात. काल सकाळी चपला घालता घालता म्हणाले, "उद्या... बँक... जा."

"तुम्ही जाणार, की मी जाऊ?" मी विचारलं.

त्यांनी आधी स्वतःकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"दोघं," म्हणाले.